साधी सायकल

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात केंदूर नावाचे गाव आहे. संत कान्हूराज पाठक यांचे गाव म्हणून वारकरी मंडळींना ते परिचित आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा हा प्रदेश. त्यामुळे येथे पाऊस बेताचा, झाडी विरळ आणि आकाश मोकळे. गावठाण एका जागी, तर वाड्यावस्त्या शेताशेतांतून दूरवर पांगलेल्या. शाळा, दुकान, दवाखाना, बाजार या सर्वांसाठी वस्तीवरच्या माणसाला रोज वाट तुडवावी लागते. ती पायी तुडवावी तर दिवसाचा मोठा भाग जाण्यायेण्यातच संपतो, एस. टी. ची वाट पाहावी तर ती तिच्या वेळेला येते, आपल्या वेळेला नव्हे. महाराष्ट्रातील अशा असंख्य गावांची ही अडचण एका साध्या यंत्राने कितीतरी हलकी केली. ते यंत्र म्हणजे सायकल.

येथे सायकल म्हणजे गिअर नसलेली, एकाच चालीची, साधी सायकल असे समजावे. पोलादी नळ्यांचा काळा सांगाडा, दोन मोठी चाके, मागे कॅरिअर, खाली स्टँड आणि हँडलवर एक घंटी, एवढाच तिचा थाट. तिला पेट्रोल लागत नाही, वीज लागत नाही, की चालविण्याचा परवाना लागत नाही. स्वतःचे वजन सुमारे २० किलो. पण माणूस आणि त्याच्या ओझ्यासह त्याच्या पाचपट भार ती बिनतक्रार वाहून नेते. दुधाच्या किटल्या अडकवून निघालेला गवळी, टपालाची पिशवी घेतलेला पोस्टमन, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, कॅरिअरला वैरणीचा भारा बांधून परतणारा शेतकरी, या सर्वांची ती सोबतीण होय. असे असूनही तिच्याकडे आपण क्वचितच नीट पाहतो. रोजच्या वस्तूंचे असेच होते.

सायकलीचा जन्म युरोपातला. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने लाकडाची एक दुचाकी गाडी चालवून दाखविली. तिला पायडल नव्हते. बसणाऱ्याने दोन्ही पायांनी आळीपाळीने जमीन मागे रेटायची आणि गाडी पुढे ढकलायची, अशी ती रीत होती. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्याच चाकाला पायडल जोडले गेले. पण त्यामुळे एक नवी अडचण निर्माण झाली. पायडल एकदा फिरले की चाकही एकदाच फिरणार. मग वेग वाढवायचा कसा? कारागिरांनी पुढचे चाक मोठे, आणखी मोठे करीत नेले. शेवटी ते माणसाच्या छातीइतके उंच झाले आणि मागचे चाक एखाद्या ताटाएवढे उरले. त्या उंच गाडीवरून पडणे म्हणजे माडीवरून पडण्यासारखेच होते.

या अडचणीतून मार्ग काढला तो साखळीने. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती. पायडल मध्यभागी असून ते साखळीने मागचे चाक फिरवीत असे. लवकरच, १८८८ साली, बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. आपल्या मुलाच्या तीनचाकीचे खडखडणे थांबावे एवढाच त्याचा आरंभीचा हेतू होता. परंतु त्यामुळे साऱ्या जगाचे हादरे कमी झाले. आज केंदूरच्या रस्त्यावर जी साधी सायकल धावते, तिचा मूळ आराखडा त्या ‘रोव्हर’चाच आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यात मोठा फरक करावा असे कोणाला वाटले नाही. हीच त्या रचनेची थोरवी.

आता साखळी नेमके काय करते ते पाहू. पायडलजवळ दात्यांचे एक मोठे चक्र असते आणि मागच्या चाकाच्या आसाशी एक लहान चक्र असते. समजा, मोठ्या चक्राला ४४ दाते आहेत आणि लहान चक्राला १८. पायडलची एक फेरी पूर्ण झाली की साखळीचे ४४ दुवे पुढे सरकतात. म्हणजेच मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. तेव्हा पायडलच्या एकाच फेरीत सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. चालताना एवढे अंतर काटायला मोठ्या माणसाला सातआठ पावले टाकावी लागतात! मिनिटाला ६० फेऱ्या या संथ लयीत पाय हलविले, तरी ताशी सुमारे २० किलोमीटरचा वेग साधतो. आपल्या सायकलीचे दाते मोजून आणि चाकाभोवती दोरी गुंडाळून हे गणित कोणालाही पडताळून पाहता येईल.

सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला एक किलोमीटर जाण्यासाठी जितकी शक्ती खर्चावी लागते, तिच्या सुमारे पाचव्या हिश्शात सायकलस्वार तेवढेच अंतर जातो. याचे कारण असे, की चालताना आपण प्रत्येक पावलागणिक शरीर थोडे उचलतो आणि पुन्हा खाली आणतो. सायकलीवर आपले वजन बैठक पेलते. पायांनी फक्त पुढे जाण्याचे काम करायचे असते. शिवाय स्वच्छ आणि तेल घातलेल्या साखळीत शक्ती फारच थोडी वाया जाते. पायात जेवढा जोर असेल तो जवळजवळ सगळा चाकापर्यंत पोहोचतो. माणसाच्या अंगच्या बळाचा याहून चांगला उपयोग करणारी वाहने फारशी नाहीत.

तथापि, एकच चाल असण्याचे परिणामही भोगावे लागतात. पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटर जाणार म्हणजे जाणारच. मग रस्ता सपाट असो की चढाचा. गिअरच्या सायकलीवर चढ लागला की दात्यांचे चक्र बदलता येते. तेव्हा एका फेरीत गाडी कमी अंतर जाते आणि पायावरचा भार हलका होतो. मात्र फेऱ्या अधिक माराव्या लागतात. एकूण काम काही टळत नाही. ते लहान लहान हप्त्यांत वाटले जाते एवढेच. साध्या सायकलीवर ही सवलत नाही. चढ दिसताच आधीपासून वेग धरायचा, तो कमी पडला तर बैठकीवरून उठून शरीराचे सारे वजन पायडलवर टाकायचे, आणि तेही पुरेनासे झाले की मुकाट्याने उतरून सायकल हाती धरून चालू लागायचे.

उणीव म्हणावी अशी ही गोष्ट. पण साध्या सायकलीची खरी गोडी येथेच आहे. तिच्यावर बसणाऱ्याला कोणती कळ दाबावी, कोणता गिअर टाकावा, याचा विचारच करावा लागत नाही. त्यामुळे त्याचे लक्ष यंत्राकडे न राहता वाटेकडे जाते. मोटारीतून जाणाऱ्याला जो रस्ता सपाट भासतो, त्यातील बारीकसा चढही सायकलस्वाराच्या पोटऱ्या ओळखतात. वारा समोरून आहे की पाठीमागून, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. नांगरलेल्या ढेकळांचा वास, पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा गंध, बाजरीच्या कणसांवर उतरलेल्या पाखरांचा कलकलाट, कांद्याच्या आरणीवरून येणारा उग्र दर्प, हे सारे त्याच्यापर्यंत पोहोचते. समोरून ओळखीचे कोणी आले तर दोन शब्द बोलण्याइतकी त्याची गाडी सावकाश असते, आणि शाळेची घंटा गाठण्याइतकी जलदही असते. पायी चालण्याची जवळीक आणि वाहनाची गती यांचा असा मेळ अन्यत्र क्वचितच आढळतो.

चढाचे कष्ट ज्याने सोसले, त्याला उताराचा आनंद व्याजासह परत मिळतो. उतार लागला की पाय स्थिर ठेवावे. सायकल आपोआप धावू लागते. कानांशी वारा घुमतो, सदरा फुगतो आणि मागच्या चाकातून ‘टिक टिक टिक’ असा बारीक नाद ऐकू येतो. हा नाद फ्रीव्हीलचा. मागच्या लहान चक्राच्या पोटात तिरप्या दात्यांचे कडे असते आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेल्या दोन छोट्या खिट्ट्या टेकलेल्या असतात. पायडल मारले की खिट्ट्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरवितात. पाय थांबविले की त्या दात्यांवरून घसरत जातात आणि चाकाला मोकळे फिरू देतात. घसरताना होणारा आवाज तोच हा ‘टिक टिक’. फ्रीव्हील येण्यापूर्वीच्या सायकलींना ही सोय नव्हती. चाक फिरत असेपर्यंत पायडलही फिरतच राहायचे. त्यामुळे उतारावर बिचाऱ्या पायांना विसावा नसे.

सायकल उभी असताना आधाराशिवाय पडते आणि चालू असताना पडत नाही, हे कोडे तुमच्याही मनात आले असेल. सायकल शिकणाऱ्याला पहिले काही दिवस याचा उलगडा होत नाही. दांडीवरून पाय टाकता येत नाही म्हणून लहान मुले दांडीखालच्या मोकळ्या जागेतून पाय घालून, एका बाजूला लटकत सायकल शिकत. गुडघे फोडून घेत आणि पुन्हा चढत. मग एके दिवशी मागून धरणाऱ्याने हात केव्हा सोडला हे कळतही नाही, आणि तोल साधलेला असतो! या तोलाचे रहस्य असे: सायकल ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हँडल किंचित वळवावे लागते. त्यामुळे चाके पुन्हा शरीराच्या भाराखाली येतात आणि सायकल सावरते. सराव झाला की हे वळविणे इतके सूक्ष्म होते की आपल्याला त्याची जाणीवही राहत नाही. सायकलीच्या अंगीही स्वतःला असे सावरण्याचा गुण असतो. तो कशामुळे येतो, याबद्दल शास्त्रज्ञांत दीर्घकाळ चर्चा चालू आहे. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच ती तोल राखते असे पुष्कळजण मानीत. परंतु २०११ साली नेदरलँड्स व अमेरिकेतील संशोधकांनी तो गुण जवळजवळ नाहीसा केलेली एक खास सायकल बनविली, आणि तीही धावताना स्वतःला सावरू शकली. शंभर वर्षांहून जुने, खेडोपाडी पोहोचलेले हे यंत्र आजही शास्त्रज्ञांना विचार करायला लावते, ही मौजेची गोष्ट आहे.

सायकलीची रचना डोळ्यांदेखत उघडी असते. तिच्यात झाकलेले असे थोडेच. म्हणून ती उत्तम शिक्षकही आहे. जुन्या पद्धतीच्या सायकलीच्या तारा मोजून पाहा. पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० भरतील. असे का? कारण चालविणाऱ्याचे आणि कॅरिअरवरील ओझ्याचे अधिक वजन मागच्या चाकावर पडते, आणि साखळीचा ओढही त्यालाच सोसावा लागतो. या तारा इतक्या बारीक, की एकटी तार सहज वाकविता येईल. पण सगळ्या सारख्या ताणल्या म्हणजे मिळून माणसाचा भार पेलतात. आता डाव्या पायडलचे आटे पाहा. ते उलटे असतात. इतर स्क्रू ज्या दिशेने आवळतात त्या दिशेने फिरविल्यास ते पायडल सैल होते. सायकल चालविताना पायडल आपोआप निघून येऊ नये म्हणून योजलेली ही युक्ती आहे. आसांच्या ठिकाणी पोलादी छर्रे असतात. घासण्याऐवजी ते लोळतात, म्हणून चाक इतके हलके फिरते. घर्षण, तरफ, चक्र, ताण, हवेचा दाब असे विज्ञानाच्या पुस्तकातील कितीतरी धडे या एका वस्तूत प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. विमान उडविणारे राइट बंधूही मुळात सायकलींचे दुकान चालवीत होते, आणि १९०३ सालच्या त्यांच्या विमानाचे पंखे साखळीनेच फिरत असत.

तिची दुरुस्तीही आपल्या हाताने करता येते. पंक्चर झाले तर टायर एका बाजूने उकलावा, ट्यूब बाहेर काढून तीत हवा भरावी आणि घमेल्यातील पाण्यात ती फिरवावी. जेथून बुडबुडे येतील तेथे छिद्र आहे असे समजावे. ती जागा कोरडी करून कानशीने किंवा खरकागदाने घासावी, सोल्यूशन लावावे, ते थोडे सुकू द्यावे आणि वर रबराचा तुकडा घट्ट दाबून बसवावा. मग टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला नाही ना, हे पाहण्यास विसरू नये. बाभळीच्या मुलखात तर मुळीच विसरू नये! केंदूरच्या शेजारच्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हातांनी काम करता करता ज्ञान मिळवावे, हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. ज्या मुलाने किंवा मुलीने आपली सायकल स्वतः उघडून पुन्हा जोडली आहे, त्याला वा तिला या सूत्राचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

साध्या सायकलीने लांबचा पल्ला गाठता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली. पण धावता धावता गिअर बदलण्याचे साधन वापरण्यास स्पर्धकांना १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. तोपर्यंत आल्प्ससारखे पर्वत त्यांनी त्याविनाच ओलांडले. आपल्या मुंबईतील तरुणांनीही असेच धाडस केले आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पूर्ण केली. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा प्रवास करीत, वाळवंटे आणि पर्वत तुडवीत, सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर काटून ते १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईस परतले. यंत्र साधे असले तरी चालविणाऱ्याचा निर्धार साधा नसला, म्हणजे पुरते.

पुणे शहराला एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक, कामगार सारेच सायकलीवरून जात. सायकलीला नगरपालिकेचा कराचा बिल्ला लावावा लागे, रात्री दिवा नसल्यास दंड होई आणि डबलसीट जाणाऱ्यास पोलीस हटकत असे. गल्लोगल्ली तासाच्या भाड्याने सायकली मिळत. पुढे स्कूटरी आणि मोटारसायकली आल्या, रस्ते त्यांनी भरून गेले आणि सायकल कडेला सरकली. शिरूर तालुक्यातही रांजणगाव, सणसवाडी, शिकरापूर या भागांत कारखाने उभे राहिले; रोजगार आला, तशीच अवजड वाहनांची वर्दळही आली. ज्या रस्त्यावर पूर्वी मुले निर्धास्तपणे सायकल हाकीत, तेथे आता त्यांना जीव मुठीत धरून जावे लागते. सायकल जुनी झाली म्हणून मागे पडली असे नव्हे. तिच्यासाठी रस्त्यात जागा ठेवावी, हेच आपण विसरलो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. वस्तीपासून शाळा दूर असली की पहिला घाव मुलींच्या शिक्षणावर पडतो. गावातली शाळा संपली, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरांवर, पायी पाठवायला घरचे तयार नाहीत. मग मुलीचे दप्तर खुंटीला लागते. बिहार राज्यात २००६ साली नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. संशोधकांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. ज्यांची शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती, त्यांना तिचा लाभ विशेष झाला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकली मिळाल्या आहेत. शाळेची इमारत मुलीच्या दारी आणणे कठीण. पण मुलीला शाळेच्या दारी नेणे दोन चाकांनी साधले. मुलगी घोळक्याने सायकलीवरून शाळेला निघाली, म्हणजे गावालाही तिच्या जाण्यायेण्याची सवय होते, आणि तिला स्वतःच्या बळाची ओळख होते.

सायकलीचे उपकार मानायचे तर तिची निगा राखली पाहिजे. आठवड्यातून एकदा साखळी पुसून तिला तेल द्यावे. चाकांतील हवा आणि ब्रेक रोज पाहावेत. रस्त्याच्या डाव्या कडेने जावे, वळण्यापूर्वी हात दाखवावा, अंधारात दिवा आणि मागे तांबडी काच असल्याशिवाय बाहेर पडू नये. मोठी वाहने असलेल्या रस्त्यावर जोडीजोडीने गप्पा मारीत जाऊ नये. उतारावर वेगाचा मोह होतो. पण ब्रेक लावून थांबता येईल इतकाच वेग आपला समजावा.

साध्या सायकलीला एकच चाल असते. तिच्याकडून अधिक हवे असेल, तर यंत्रात नव्हे, आपल्यातच अधिक बळ आणावे लागते. चढावर ती आपली परीक्षा घेते, उतारावर बक्षीस देते आणि सपाटीवर शांतपणे सोबत करते. कोणाकडे काही न मागता, कोणाची वाट न पाहता, आपल्याच पायांच्या जोरावर आपल्याला हवे तेथे जाता येते, हा आनंद लहान वयात जिने दिला, तिचा विसर माणसाला सहसा पडत नाही.

स्वाध्याय

१. साखळीचा उपयोग होण्यापूर्वी सायकलीचे पुढचे चाक मोठे का करावे लागले?
२. सायकलीच्या मागच्या चाकात पुढच्या चाकापेक्षा अधिक तारा का असतात?
३. ‘एकच चाल ही साध्या सायकलीची उणीव आहे आणि गोडीही आहे.’ हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या सायकलीचे दाते मोजा. पायडलच्या एका फेरीत ती किती अंतर जाते, ते गणित करून व प्रत्यक्ष मोजून पडताळून पाहा.
५. तुमच्या गावातील मुलामुलींना सायकलीवरून शाळेत निर्धास्तपणे येता यावे यासाठी काय करता येईल? दहा ओळी लिहा.